दोन्ही उजव्या हाताचे मोजे

बोरमाळच्या उघड्या माळावर बिरोबाचे देऊळ आहे. एका पौषात उमागिरी महाराजांनी त्या देवळाच्या ओसरीवर आसन मांडले. पहाट झाली की महाराज एकतारी घेऊन भजनाला बसत, आणि आसपासच्या वस्त्यांवरची माणसे घोंगडी पांघरून ऐकायला येत.

पण त्या वर्षीचा गारठा काय सांगावा! महाराजांच्या हाताला भेगा पडल्या, बोटे वाकेनात. एकतारी खुंटीला टांगली गेली. भजन थांबले आणि तायव्वा धनगरणीला घास गोड लागेना. तिचा दिवस त्या तारेवरच उगवायचा!

एका वाटसरू गोसाविणीकडून तायव्वा बांबूच्या काड्यांवर विणायला शिकली होती. तिने पांढऱ्या मेंढीची लोकर पिंजली आणि चातीवर सूत काढायला बसली. हात चाले तशी ओवी चाले :

फिर गं माझ्या चाती, फिर गं गरागरा,
म्हाराजांच्या हाताला ऊब यिऊ दे जरा.

बोटे झाकली तर महाराज तार छेडणार कशी? म्हणून तिने पंजापुरतेच मोजे योजले; बोटे मोकळी, अंगठा मोकळा. पण माप? महाराजांच्या हाताला दोरी लावायची छाती कुणाची! मात्र महाराज तिच्या खोपटात आले होते, तेव्हा भिंतीवर भंडाऱ्याने माखलेल्या हाताचा ठसा उमटवून गेले होते. त्या पिवळ्या पंज्याला लावून लावून तिने एक मोजा विणला, मग दुसरा.

ती मोजे घेऊन देवळात आली, तेव्हा ओसरीवर रंगराव देसाई बसले होते. गावात त्यांचा मान मोठा, आणि तोरा त्याहून मोठा. उजवा हात सदा शालीत. लोक कुजबुजत, "देवाला फूल वाहायचं तेही डाव्या हातानं! केवढी ही मिजास!"

"काय गं म्हातारे," देसाई मोजे उचलत म्हणाले, "बोटं कुठं गेली? मेंढरांनी खाल्ली?"

"तार छेडाय मोकळी ठेवल्यात, सरकार."

"आणि हे बघा! दोन्ही उजव्याच हाताचे! महाराजांना काय दोन उजवे हात आहेत?"

ओसरी खदखदून हसली. तायव्वाने मोजे एकावर एक ठेवून पाहिले. खरेच की! भिंतीवरचा ठसा उजव्या हाताचा. आशीर्वाद का कुणी डाव्या हाताने देते? आणि तिने दोन्ही मोजे त्याच्यावरच बेतले होते.

"उसवते, म्हाराज," ती पुटपुटली. "उलटा करून डाव्याला बसंल, पर गाठी वर येत्यात."

"उसवायचं नाही," महाराज म्हणाले. त्यांनी एक मोजा उजव्या हातात चढवला. "तार छेडतो तो उजवाच. दुसरा ज्याचा, तोही इथंच बसलाय. देसाई, हात पुढे करा."

देसायांनी डावा हात पुढे केला.

"तो नव्हे."

देसायांचा चेहरा पांढरा पडला. शालीतून हळूहळू उजवा हात बाहेर आला : लाकडासारखा थंड, बोटे आखडलेली. दसऱ्यापासून तो हात मेला होता. लाजेपायी त्यांनी घरातही सांगितले नव्हते. अरेरे! गाव ज्याला मिजास म्हणत होते, ते दुखणे होते!

तायव्वाचा राग तिथेच विरघळला. "द्या हिकडं, म्या घालते," म्हणत तिने तो हात, नवे कोकरू उचलावे तसा, मांडीवर घेतला आणि मोजा चढवला.

महाराजांनी खुंटीवरची एकतारी काढली. तार बोलली! भजन सुरू झाले, ऊन ओसरीवर चढले. आणि देसायांची करंगळी ठेक्यावर हलली. मग शेजारचे बोट. सूर्य पाहून बाभळीची पाने उघडावीत, तशी ती मूठ उघडत गेली. बोटे मोकळी होती, म्हणूनच तर साऱ्यांना ती उघडताना दिसली!

देसाई रडत महाराजांच्या पायांकडे वाकले. महाराजांनी पाय आवरून घेतले.

"जिनं विणलं, आधी तिला."

देसायांनी त्या उजव्या हातानेच तायव्वाचे पाय धरले. "आई, चुकलो गं."

"अवो उठा सरकार," ती गडबडली, "टाका सुटंल!"

भजन आटोपल्यावर महाराज तिच्या खोपटावर गेले. त्यांनी डावा हात भंडाऱ्यात बुडवला आणि भिंतीवरच्या जुन्या ठशाशेजारी टेकवला.

"घे, तायव्वा. आता डाव्याचं माप."

तिने डोळे पुसले आणि चाती उचलली.