मथूबयची बसकण

खाडी तेव्हा गावाच्या आणखी जवळून वाहायची, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. खाडीकाठच्या एका मिठागरावर मथूबय नावाची बाई पाणी वाहायची. उन्हात राबणाऱ्या चाळीस माणसांना पाणी पाजायचं, एवढंच तिचं काम. ऐन तिशीत नवरा गेला आणि तेव्हापासून तिच्या डोक्यावरचं मडकं कधी उतरलंच नाही, असं म्हणतात. आता केस पिकले होते, गुडघे कुरकुरत होते, विहीर मात्र होती तितकीच लांब होती.

आगरावर दोन टोळ्या होत्या. पोशाची माणसं वाफ्यांतलं मीठ ओढून काठाला लावायची. हाशाची माणसं ते टोपल्यांत भरून, डोक्यावरून राशीला न्यायची. एका चैत्रात अवकाळी पाऊस आला आणि काठावरचं सगळं मीठ विरघळून गेलं.

पोशा म्हणाला, "तुमी उचललं नाय, म्हणून गेलं."

हाशा म्हणाला, "तुमी उशिरा ओढलं, म्हणून गेलं."

त्या दिवसापासून दोन्ही टोळ्यांचं बोलणं बंद झालं. एका मडक्यातलं पाणीही नको झालं. मग मथूबय एकाच विहिरीचं पाणी दोन मडक्यांत भरायची आणि दुप्पट खेपा घालायची. मालकानं बजावलं होतं, की आणखी एक हंगाम बुडाला तर आगर बंद. तरी कोणी ऐकेना. दोघांना समजावून समजावून मथूबयचा घसा सुकला. शेवटी तिनं बोलणंच सोडलं.

पुढच्या वैशाखात अवसेचं उधाण आलं आणि भर दुपारी बांधाला खांड गेली. दोन हात रुंद भगदाड पडलं आणि खाडीचं पाणी वाफ्यांकडे धावलं. पोशाची माणसं भराभर चिखल कापू लागली, पण तो वाहून न्यायला कोणी नव्हतं. हाशाची माणसं टोपल्या घेऊन बाजूला उभी राहिली, पण त्या भरून द्यायला कोणी नव्हतं. आधी हाक कोणी मारायची, यावरच सगळं अडलं.

तेवढ्यात मथूबय खेप घेऊन आली. तिनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. मडकं बांधावर ठेवलं, खांडीत उतरली आणि खाडीकडे पाठ करून तिथेच तिनं बसकण मारली.

"बय, उठ! वाहून जाशील!" हाशा ओरडला.

"दमले रं मी," ती म्हणाली. "तुमच्यात हेलपाटं घालून घालून माजे पायान तराण नाय राहिलं. आता बसले. उठवायचं तर दोघं मिळून या."

पाणी तिच्या पाठीला लागलं, खांद्यांपर्यंत चढलं आणि असं म्हणतात, की तिथेच थांबलं. मागे खाडी तिच्या खांद्यांएवढी उंच उभी राहिली, पण पुढे मथूबयच्या मांडीवर एक थेंब नव्हता. तिला राग नव्हता, भीती नव्हती. ती फक्त फार थकलेली होती, आणि समुद्रालाही तिला उठवायचा धीर झाला नाही.

पोशानं फावडं चिखलात रोवलं. वर्षभरात पहिल्यांदा तो हाशाकडे पाहून बोलला, "टोपली आण."

मग चाळीस माणसांची एकच रांग झाली. कापणाऱ्याच्या हातून वाहणाऱ्याच्या हाती, त्याच्या हातून पुढच्याच्या हाती असा चिखल सरकत राहिला. कोण कोणाच्या टोळीचं, ते चिखलानं माखलेल्या अंगांवरून ओळखू येईना. दोन्ही बाजूंनी खांड बुजत आली, तेव्हा पोशानं आणि हाशानं मथूबयला दोन्ही खांद्यांना धरून वर घेतलं आणि शेवटची टोपली टाकली.

"बय, चल घरी," पोशा म्हणाला.

"जरा बसू द्या," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

त्यांनी तिला तिथेच बांधावर बसू दिलं. दिवस कलल्यावर दोघं तिला न्यायला आले, तर बांधावर कोणी नव्हतं. ती बसली होती तेवढ्या जागेवर पांढरंशुभ्र मीठ फुललं होतं, असं म्हणतात.

त्या जागेला अजून मथूबयची बसकण म्हणतात. हंगामाच्या पहिल्या दिवशी आगरावर कोणी फावड्याला हात लावत नाही, कोणी टोपली उचलत नाही. ओढणारे आणि वाहणारे एकाआड एक, गुडघ्याला गुडघा लावून तिथे बसतात. मालकही येऊन बसतो. आगरावरची सगळ्यांत म्हातारी बाई "उठा" म्हणाली, की मगच काम सुरू होतं. एखाद्या वर्षी ती दुपारपर्यंत म्हणत नाही. तिला कोणी घाई करत नाही.