मोटारीची साक्ष

"मोटारच बोलली पाहिजे! उद्या सकाळी, आमच्या समोर, सगळ्यांदेखत! नाही बोलली, तर परवा तू या संस्थानात दिसायचं नाहीस!"

मानाजीराव सरकारांनी आपल्या ड्रायव्हरला असं फर्मावलं आणि बिचारा रावजी घरी येऊन ओट्यावर मटकन बसला. मोटार कधी बोलली आहे का? फार तर भोंगा वाजवेल, धूर सोडेल!

"पण आबा, झालं तरी काय?" त्याची लेक सगुणा गाडीचं फडकं पिळत म्हणाली. बापाच्या हाताखाली तिनं ती मोटार इतक्या वेळा पुसली होती, की तिचा खिळा न् खिळा तिला पाठ होता.

झालं होतं असं. शहरातून दाबके नावाचे एक सुटाबुटातले गृहस्थ आले. रुपयाएवढी पत्र्याची भिंगरी दाखवून म्हणाले, "सरकार, ही इंजिनाच्या हवेच्या नळीत बसवा! हवा गरगरत आत जाईल, ताकद दीडपट, पेट्रोल निम्मं!" सरकारांनी एक सोडून चाळीस घेतल्या! आधी गाडी घाट धापा टाकत चढायची, आता भिंगरी बसवल्यावर रडत चढू लागली. रावजीनं भीत भीत तसं सांगितलं. दाबके फिसकन हसले. "दोष ड्रायव्हरच्या पायात आहे, सरकार!" सरकारही भडकले. चाळीस घेऊन बसलेला माणूस ऐकतोय कशाला? म्हणाले, गाडीनं स्वतः सांगितलं तरच मानीन!

"एवढंच ना? मी येते उद्या," सगुणा म्हणाली. तोंडानं म्हणाली खरी, पण मनात एकच प्रश्न होता. हे घर सुटलं तर जायचं कुठं?

दुसऱ्या दिवशी देवीच्या टेकडीखाली, देवळाच्या पायऱ्यांपाशी सरकार खुर्ची टाकून बसले. भोवती ही गर्दी!

"काय गं पोरी, बोलते का मोटार?"

"बोलते की, सरकार! पण मुकी आहे ती, तिला वकील लागतो. आधी दाबकेसाहेबांना एक विचारू?"

"विचार, विचार!"

"साहेब, इंजिनाला हवा कशाला हो लागते?"

दाबके खुलले. "अगं वेडे, इंजिनही श्वास घेतं! अगदी तुझ्यामाझ्यासारखा! श्वासाला जोर, तितकी ताकद!"

"आणि भिंगरीनं श्वासाला जोर येतो?"

"येतो म्हणजे! शंभर टक्के!"

"मग झालं तर! मोटारीचे वकील तुम्हीच. ही नळी, तिच्यात तुमची भिंगरी. दातांत धरा, नाकाला हा चिमटा लावा, आणि पायऱ्या चढा पळत. ताकद दीडपट आहेच!"

"अहो, पण... मी माणूस आहे!"

"म्हणूनच! माणसाला बोलता येतं," सगुणा म्हणाली.

सरकारांच्या मिशा थरथरल्या. "चढा, दाबके!"

दाबके निघाले. पाचव्या पायरीला भिंगरी भुर्रकन फिरली. वाहवा! पंधराव्याला शिट्टी वाजू लागली. पंचविसाव्याला चेहरा वांग्यासारखा झाला. दिवाणजी पदरात... छे, उपरण्यात तोंड खुपसून हसत होते. आणि चाळिसाव्या पायरीवर दाबक्यांनी चिमटा उपटला, नळी भिरकावली आणि बसकण मारली. नळी खडखडत थेट सरकारांच्या पायाशी!

"मेलो! मेलो! अहो, हवाच येत नाही त्यातून! जीव कोंडला माझा!"

"ऐकलंत, सरकार?" सगुणा हात जोडून म्हणाली. "ही मोटारीची साक्ष! साहेबांना हात होते, त्यांनी काढून फेकली. बिचाऱ्या मोटारीला हात कुठले?"

रावजीनं डोळे मिटून घेतले. आणि मग सरकार जे हसत सुटले, जे हसत सुटले, की फेटा सुटून मांडीवर आला!

"रावजी, तुझी नोकरी कायम! दाबके, चाळीसच्या चाळीस परत घ्या! आणि पोरी, तू काय मागतेस?"

"मोटार चालवायला शिकायचंय, सरकार."

"शीक! आजच शीक! पहिल्या दिवशी मागच्या सीटवर मात्र दाबक्यांनाच बसव!"