करंजनगरची नवी शीव

गावाचे सात वाटे, दर वाट्याचा एक पंच, आणि त्यातले पाच पंच पुन्हा वरच्या पेठेचे! दिवाण कोंडाजीरावांनी वाड्यासमोर नवा नकाशा अंथरला आणि खालच्या पेठेची माणसं तो बघून चक्रावलीच.

दहा वर्षांत वरची पेठ निम्मी रिकामी झाली होती. नदीकाठी रंगाचे कारखाने निघाले, काम तिकडे, म्हणून लोक बोचकी उचलून खाली उतरले. वर घराघरांत कबुतरं, खाली एकेका खोलीत अकरा माणसं! आता खालच्या पेठेची डोकी जास्त, तर पंचही जास्त यायला हवे होते. ते आले असते तर गोड्या पाण्याची विहीर मंजूर झाली असती. वरच्या पेठेला मात्र त्याच पैशात हत्तीसाठी कारंजं हवं होतं.

खालच्या पेठेत प्यायला नदीचंच पाणी, आणि नदीत सगळा रंग. सोमवारी भाकरी हिरवी, मंगळवारी जांभळी. परगावचे पाहुणे हसून हसून लोळायचे. पण मागच्या महिन्यात भिवराचा भाऊ त्याच पाण्याने गेला. चोवीस वर्षांचा होता. त्या दिवसापासून भिवरा, ही रंगाऱ्याची पोर, कुणाला घाबरेनाशी झाली होती.

गर्दी ढकलत ती पुढे आली. "दिवाणजी, आमची माणसं कुठे गेली?"

"कुठे जातील? मोजून घे! प्रत्येक वाट्यात सातशे डोकी. एक कमी नाही, एक जास्त नाही."

"मग ही रेघ मागे कुत्रं लागल्यासारखी का पळते?"

रेघ खरंच पळत होती. वरच्या पेठेतून निघायची, उतारावरून सरपटत खाली यायची, चार घरं गिळायची, पाचव्या घराचं नुसतं स्वयंपाकघर उचलायची आणि पुन्हा वर! अशा करामतीने पाच वाट्यांत वरच्या पेठेची वीस-वीस डोकी जास्त भरली होती, म्हणजे तिथले पंच त्यांचेच निवडून येणार. खालच्या पेठेची उरलेली सगळी माणसं दोन वाट्यांत कोंबली होती.

वाड्याच्या पायरीवर बसलेले उदाजीराजे हट्टी माणूस. ते गरजले, "पोरी, नकाशात एक चूक दाखव! सूर्य मावळायच्या आत दाखवलीस तर नकाशा फाडतो. नाही तर विहिरीचं नाव पुन्हा काढायचं नाही!"

भिवराने डोकी मोजली. सातशे. पुन्हा मोजली. सातशेच! मग तिने राजाच्या जरीच्या जोड्यांकडे पाहिलं.

"चूक नाही, महाराज. फक्त शीव चालायची राहिली आहे."

"म्हणजे?"

"नवी शीव आखली की राजाने डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन ती अनवाणी चालायची. रेघ सोडायची नाही. तुमचे आजोबा चालले, वडील चालले."

"मग मी काय लंगडा आहे?" राजाने जोडे भिरकावले. "आणा ढेकूळ!"

दिवाण घाईघाईने म्हणाले, "महाराज, ऊन फार आहे..."

"ऊन आजोबांच्या वेळी नव्हतं?"

निघाली स्वारी! पहिल्याच गल्लीत रेघ एका शिंप्याच्या खाटेखालून गेली होती. राजा एका हाताने ढेकूळ धरून पोटावर सरपटला. खाटेवरची म्हातारी ओरडली, "राजे, खाली गेलाच आहात तर माझी तपकिरीची डबी बघा!"

राजाने डबी दिली आणि पुढे गेला. पुढे न्हाणीत भगा लोहार अंग चोळत उभा. रेघ न्हाणीतूनच! "महाराज, आलाच आहात तर पाठ तेवढी घासता का?"

त्यापुढे गोठा. रेघेवर म्हैस आडवी बसलेली. ती काही केल्या उठेना.

"ही कुठल्या वाट्यातली?" राजाने घाम पुसत विचारलं.

भिवराने नकाशा बघितला. "शिंगं तिसऱ्यात, शेपूट पाचव्यात, महाराज. धार मात्र दिवाणजींच्या वाट्यात!"

राजा म्हशीवरून पलीकडे गेला. तिथून रेघ चढली ती थेट गोठ्याच्या छपरावर! राजा छपरावर पोचला, मागोमाग नकाशा घेऊन भिवरा. तोवर राजाच्या पायाला फोड आले होते आणि डोक्यावरच्या ढेकळावर एक कोंबडी बसली होती.

"कोंडाजीराव, किती राहिलं?"

"फक्त साडेसहा वाटे, महाराज."

राजा मटकन खाली बसला. हट्टापायी मागे फिरवेना आणि फोडांपायी पुढे जाववेना. "पोरी, हे ढेकूळ दुसऱ्या कुणाला देता येतं का?"

"तुम्ही राजे आहात, महाराज. हुकूम तुमचा! ज्याने रेघ ओढली त्याच्या डोक्यावर द्या."

"बोलवा त्याला वर!"

दिवाण धोतर सावरत शिडीवरून वर आले. राजाने कोंबडीसकट ढेकूळ त्यांच्या डोक्यावर ठेवलं. दिवाणांनी पुढे पाहिलं. छप्पर संपलं की रेघ बाभळीत शिरत होती.

"महाराज! नकाशात... नकाशात जरा सुधारणा सुचते आहे!"

"सुचवा!"

दिवाणांनी छपरावरच बसून आपल्या उपरण्यावर कोळशाने सहा रेघा ओढल्या. मोजणी त्यांना तोंडपाठ होती. एकही रेघ कुणाच्या घरात शिरली नाही. सगळ्या रुंद रस्त्यांनी, सावलीसावलीने! प्रत्येक वाट्यात सातशे डोकी. खालच्या पेठेचे चार वाटे, वरच्या पेठेचे तीन.

राजा नकाशाकडे बघतच राहिला. "कोंडाजीराव, हे सकाळी का नाही सुचलं?"

दिवाणांनी हातातला कोळसा धोतराला पुसला. डोक्यावरची कोंबडी तेवढी कुरकुरली.

"कसं सुचेल, महाराज?" भिवरा म्हणाली. "सकाळी रेघ त्यांची होती आणि पाय तुमचे होते!"

राजा असा हसला की छपराची चार कौलं निसटली आणि म्हैस एकदाची उठली! हसतहसतच त्याने जुना नकाशा टराटरा फाडला, हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराच्या हातात घातलं आणि तिला शिवांची कारभारीण नेमलं. आठवड्याभरात नव्या पंचांनी चार विरुद्ध तीन मतांनी विहीर मंजूर केली. पहिली कुदळ भिवराने मारली, आणि मातीची पहिली पाटी दिवाणजींच्या डोक्यावर दिली!