उलट्या तोंडाचा पाळणा

बोरकुंडीच्या राममंदिरात अचलगिरी महाराजांचा मुक्काम पडला, ते चैत्राचे दिवस होते. रामजन्म आठवड्यावर आलेला आणि देवाचा जुना पाळणा वाळवीने खाल्लेला. महाराजांनी गोजराबाई बुरडिणीला बोलावणे धाडले. सुपे-टोपल्या विणून पोट भरणारी ती एकटी बाई बिचकतच पायरीशी उभी राहिली.

"देवाचा पाळणा तू विणायचास," महाराज म्हणाले.

"मला कुठं येतोय, महाराज?"

"येईल. सुगरणीला विचार."

आता पाखरू काय सांगणार, असे दुसरे कोणी म्हटले असते. गोजराबाई निमूट रायाजी पाटलांच्या विहिरीवर गेली. तिथल्या बाभळीला सुगरणींचे रिकामे खोपे लोंबत होते. खाली पडलेला एक तिने काडी काडी उसवून पाहिला, आणि बांबूच्या कोवळ्या कामट्यांचा तस्साच, पण पाटीएवढ्या घेराचा खोपा विणला. वर टांगायला चार हातांची वेणी, मध्ये फुगीर पोट, तोंड खाली. आत, सुगरण अंड्यांसाठी करते तसा, एक कट्टा.

रामनवमीच्या सकाळी ती तो घेऊन देवळात आली. पाटलांनी शहरातून चांदीने मढवलेला पाळणा आणला होता. त्यांनी उभ्या उभ्याच खोप्याकडे पाहिले आणि खो खो हसले.

"ह्यो पाळणा व्हय? अगं, तोंड खाली! रामराया जन्मायच्या आधीच भुईवर आपटंल की!"

सगळा सभामंडप हसला.

"पाटील, जरा वाकून बघा, आत..."

"मी वाकू? बुरडिणीच्या टोपलीफुडं? जिथनं शिकलीस तिथंच टांग जा!"

तिने महाराजांकडे पाहिले. महाराज डोळे मिटून बसले होते. पाटलांच्या हसण्यापेक्षा ते गप्प बसणे तिला जास्त लागले. तिने खोपा बाभळीला टांगला आणि खाली बसून पदरात तोंड खुपसून रडली. तिकडे कीर्तन रंगात आले होते.

तेवढ्यात पाटलांची पाच वर्षांची नात बकुळा 'मोठ्ठा खोपा' बघायला पळत आली. तिची नजर वर होती, पाय विहिरीच्या काठावर. काठाचा दगड निसटला. गोजराबाई झेपावली, हाताला परकराचे टोक लागले आणि सुटले.

गोजराबाईच्या किंकाळीने देऊळ ओस पडले. खाली पंचवीस हातांवर पोर एका कपारीला धरून गळ्यापर्यंत पाण्यात लोंबकळत होती. एक गडी उतरू लागला, तो कडेचे दगडच तिच्या अंगावर ढासळू लागले. त्याला मागे ओढावे लागले. दोराला टोपली बांधून सोडली, ती पाण्यावर तरंगून कलंडली. दुसऱ्यांदा सोडताना दोर धारदार दगडावर कापला गेला आणि टोपलीसकट पाण्यात गेला.

"आबा, हात सुटतोय!" खालून बारीक आवाज आला. पाटलांनी वाड्याकडे गडी पिटाळला. पण दुसरा दोर येईपर्यंत पोर तग धरणार नव्हती.

गर्दी बाजूला झाली. महाराज आले होते.

"गोजराबाई, खोपा सोड."

"महाराज, वेणी चार हातांची हाय! आन् कामट्या बी नाजूक."

"तू विणलास, तूच सोड."

तिने खोपा बाभळीवरून काढला आणि विहिरीत सोडला. एक हात, दोन हात, चार. वेणीचे टोक मुठीत आले. आता मूठ उघडली की सगळे संपले! तिने डोळे मिटले, रामाचे नाव घेतले आणि मूठ सैल केली.

वेणी पुढे सरकली. आणखी सरकली. प्रत्येक हाताला तिला वाटे, आता टोक येणार, आणि प्रत्येक हाताला मुठीत वेणी असे. अहाहा, काय ती कृपा! कोंबडीने पिलावर पंख घ्यावा तसा खोपा वरून पोरीच्या डोक्यावर उतरला.

"बाळ, आत कट्टा हाय! त्यावर चढून बस!"

मग वेणीला ओढ बसली आणि गोजराबाई खोपा वर ओढू लागली. जोंधळ्याच्या पायलीने कुरकुरणाऱ्या त्या कामट्या, पण पोरीच्या भाराने एकही करकरली नाही. बकुळा काठावर आली, तेव्हा गोजराबाईच्या हातात वेणी होती चारच हातांची.

पाटील महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराज म्हणाले, "उठा. जन्माची वेळ झाली. देवाला पाळण्यात ठेवा."

चांदीचा पाळणा पाटलांनी स्वतः बाजूला सारला. ओला खोपा मंडपात टांगला गेला. रामाची मूर्ती हातात घेऊन पाटील त्याच्यापुढे उभे राहिले, पण ठेवायची कुठे ते त्यांना दिसेना.

गोजराबाई हळूच म्हणाली, "पाटील, वाकून बघा."

पाटलांनी पागोटे काढले. गुडघे टेकले, मान खाली घालून खोप्याखाली शिरले आणि वर पाहिले. मग दोन्ही हातांनी त्यांनी रामराया कट्ट्यावर ठेवला. बाहेर येताना त्यांचे कपाळ गोजराबाईच्या पायांवर टेकले, आणि त्यांनी ते लवकर उचलले नाही.