कोंडाईचं नाक आणि हुंग्यांचं घर

फार वर्षांपूर्वी, वाटा कुठून जायच्या हे माणसांपेक्षा बैल जास्त ठरवायचे त्या काळी, सावरदरा गावात एक नाक नांदायला आलं. नाकाबरोबर बाकीची नवरीही होती, पण लोकांच्या ध्यानात राहिलं ते नाकच.

सावरदरा अजून आहे. डोंगराच्या पोटाशी गाव, गावापुढं कोसभर रान, रानाच्या शेवटी ओढा. ओढ्याच्या अलीकडं सावरदऱ्याची शीव, पलीकडं शेलवडीची. या सावरदऱ्यात हुंगे आडनावाची माणसं राहतात. दुसरीकडं कुठंही हुंगे भेटला तर खुशाल समजावं, हा इथूनच गेलेला आहे. हे आडनाव दुसऱ्या मातीत उगवलेलंच नाही, असं म्हणतात.

हसू आलं तर येऊ द्या, हुंग्यांना सवय आहे. दुसऱ्यांच्या आडनावात वाघ असतात, किल्ले असतात. यांच्या आडनावात नाक आहे, आणि तेही त्यांच्या वाडवडिलांचं नाही. सुनेचं आहे.

तिचं नाव कोंडू, पुढं म्हातारपणी कोंडाई. आईबाप लहानपणीच गेले. भावाच्या घरी वाढली, आणि भावजयीनं तिची पाठवणी अशी केली की वरातीमागोमाग दार लावून कडी घातली. सासरी घरात दोनच माणसं, नवरा रखमाजी आणि सासू म्हाळसाबाई. रखमाजी गरीब स्वभावाचा. बैलाला चाबूक दाखवायचा तोही लाजत लाजत. म्हाळसाबाई मात्र करारी. तिची व्रतं, तिचे उपास यांचा गावभर दरारा होता. दुसरीचा उपास मोडला की ती त्या बाईशी महिनाभर बोलत नसे.

कोंडूला वास येत. तुम्हाला मला येतात तसे नव्हे. सकाळी उठून ती म्हणायची, "आत्याबाई, वरच्या आळीत कुणाचं तरी दूध उतू गेलंय." म्हाळसाबाईनं कणगीत हात घालायच्या आधी ही सांगायची की तळाला उंदीर मेलाय, वरच्या बाजूला नाही, तळाला. कुणाची शेळी हरवली की लोक कोंडूला विचारायचे, आणि ही वाऱ्याकडं तोंड करून सांगायची, करवंदीच्या जाळीमागं आहे, आणि आता दोन आहेत. जाऊन बघावं तर शेळी व्यालेली. आभाळातून जाणारी घार काल काय जेवली हे ती खालून सांगायची, असं म्हणतात. घारीला कुणी विचारलं नाही.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग एका एकादशीला म्हाळसाबाई ओट्यावर बसून चार बायकांना उपासाचं महत्त्व सांगत होती. पाणीसुद्धा मोजून प्यावं, जिभेला ताब्यात ठेवावं, असं सगळं. कोंडू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि अगदी साध्या मनानं म्हणाली, "आत्याबाई, पदर बदलता का? लसणाच्या चटणीचा वास येतोय. भाकरीचा पण."

एका बाईला ठसका लागला आणि ती तो घरापर्यंत घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत गावात एकही माणूस असा नव्हता की ज्याला ती चटणी माहीत नव्हती.

म्हाळसाबाईनं सुनेशी बोलणं टाकलं. आणि गावाला सांगायला लागली, "ही देवाचा नैवेद्य हुंगते. चुलीवरचं सगळं उष्टं करून ठेवते. चटणीचं काय, बनवून सांगितलं तिनं. असली सून मला नको."

शेवटी रखमाजीला तिनं निक्षून सांगितलं, "भैरोबाच्या भंडाऱ्याच्या दिवशी सगळं गाव देवळात असेल. त्या दिवशी हिला भावाकडं सोडून ये. परत आणायची नाही."

कोंडूनं ऐकलं. भावाच्या दाराची कडी तिला आठवली. पण बोलणार काय? तिनं बोचकं बांधलं.

आता त्या भंडाऱ्याचं सांगायला हवं. चैत्रात सावरदऱ्याच्या भैरोबाचा भंडारा असतो. गव्हाची खीर आणि काहीलभर आमटी. काहील म्हणजे गुळाची असते ना तेवढी, आत चार माणसं उभी राहतील एवढी कढई. शेलवडीचं गाव पाहुणं येतं. आणि एक कडक नेम आहे. देव जेवायच्या आधी आमटी कुणी चाखायची नाही. चाखायची तर नाहीच, हुंगायचीही नाही. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, मग हुंगलेली आमटी कशी चालेल? म्हणून आचारी नाकाला फडकं बांधून फोडणी देतात. आजही देतात. परका माणूस बघून घाबरतो, त्याला वाटतं दरोडा पडलाय.

चाखायचं नाही, हुंगायचं नाही, मग मीठ बरोबर आहे की नाही हे कळणार कसं? मिठाचा मान वरच्या आळीचा की खालच्या आळीचा, यावरून गावात तेढ होती. आदल्या वर्षी वरच्या आळीनं गुपचूप मीठ टाकलं आणि खालच्या आळीनंही गुपचूप टाकलं. पाहुणे एक घास खायचे आणि ओढ्याकडं पळायचे. शेलवडीकरांनी ओढा पिऊन आटवला, मासे उघडे पडले, असं म्हणतात. जाताना ते म्हणाले होते, "पुढच्या साली खारट मिळालं तर भंडारा आम्ही आमच्या गावी नेऊ."

म्हणून त्या वर्षी ठरलं की मीठ फक्त भिवा गुरवानं टाकायचं. त्याची आळी देवळातच, म्हणजे कुठलीच नाही. माणूस सज्जन होता. फक्त वय झालं होतं.

तर भंडाऱ्याचा दिवस उजाडला. गाव देवळाकडं निघालं आणि कोंडूची गाडी शिवेकडं. रखमाजी बैलांना इतकं सावकाश हाकत होता की एक कासव गाडीच्या पुढं गेलं. अशा चालीनं उन्हं वर आली तेव्हा कुठं गाडी ओढ्यात उतरली आणि पलीकडं शेलवडीच्या हद्दीत चढली.

तेवढ्यात वारा फिरला. कोंडूनं मान वर केली.

"अहो, थांबवा. आमटीत मीठ नाही."

"अगं, देऊळ कोसभर मागं राहिलं."

"म्हणून काय झालं? मीठ पडलेलं नाही."

रखमाजी जन्मात पहिल्यांदा बायकोला उलट बोलला. "मिठाला कुठं वास असतो?"

"मिठाला नसतो," कोंडू म्हणाली. "मिठावाचूनच्या डाळीला असतो. आई नसलेल्या पोरासारखा. मला तो लांबून कळतो."

रखमाजी म्हणाला, "कळलं तरी आपण काय करायचं? तुला तर त्यांनी घालवलीय."

कोंडूनं बोचक्याकडं बघितलं. "मला घालवलीय," ती म्हणाली, "पण जेवायला बसलेल्यांनी काय केलंय? फिरवा गाडी."

आणि रखमाजीनं गाडी फिरवली. ते बैल, ज्यांना कासवानं मागं टाकलं होतं, ते असे उधळले की गाडीची चाकं जमिनीला विचारून विचारून टेकत होती. तो धुरळा दुसऱ्या दिवशी दुपारी खाली बसला, असं म्हणतात.

देवळापुढं काय चाललं होतं? भिवा गुरव काहिलीजवळ रिकामं सूप घेऊन उभा होता. सुपातलं मीठ काहिलीत गेलं होतं की वाटेत भेटलेल्या गाईंपुढं, हे त्याला आठवत नव्हतं. वरची आळी म्हणत होती, टाकलंय. खालची आळी म्हणत होती, नाही टाकलं. वरच्या आळीनं विचार बदलला की खालची आळीही लगेच बदलत होती. पाहुणे पानावर बसले होते आणि पाण्याचे तांबे आधीच भरून जवळ ठेवत होते.

गाडी आली. कोंडू खाली उतरली नाही. गाडीतूनच म्हणाली, "भिवाबाबा, मीठ पडलेलं नाही. टाका."

म्हाळसाबाई गर्दीतून पुढं आली. "बघा, ऐका सगळ्यांनी. हिनं हुंगलं. एवढी काहील उष्टी केली. आता सगळं ओतून द्या ओढ्यात."

पाहुण्यांत कुजबुज झाली. काहील ओतायची म्हणजे पाहुणे उपाशी उठणार आणि भंडारा शेलवडीला जाणार, आणि कोंडूला तर या गावाचं दार कायमचं बंद झालं. भिव्यानं हात वर केला. त्याला सकाळचं आठवत नसे, पण देवाचे कायदे पाठ होते.

"पोरी, कुठून हुंगलंस?"

"ओढ्यापल्याडून, बाबा."

"पल्याड गाडी पुरती चढली होती का?"

"मागचं चाक पण चढलं होतं," रखमाजी म्हणाला.

भिव्यानं डोळे मिटले, उघडले. "भैरोबाची सत्ता शिवेपर्यंत. शिवेबाहेर कोण काय हुंगतं, ते शेलवडीच्या देवानं बघावं. नैवेद्य उष्टा नाही."

शेलवडीकर एकमेकांकडं बघायला लागले. त्यांच्या देवाला कुणी आजवर काही विचारलं नव्हतं.

"पण हिचं नाक खरं कशावरून?" वरच्या आळीतला एक जण म्हणाला. "मीठ असलं आणि पुन्हा टाकलं, तर पुन्हा ओढा आटेल."

हे मात्र खरं होतं. आमटी रटरटत होती. मग भिवा गुरव म्हाळसाबाईकडं वळला.

"म्हाळसाबाई, या नाकाशी घरात तुझीच गाठ आहे. देवाच्या दारात उभी आहेस. सांग, या पोरीचं नाक कधी चुकलंय का?"

आता आली का पंचाईत. चुकतं म्हणावं, तर समोर भैरोबा डोळे वटारून बसलेला. चुकत नाही म्हणावं, तर एकादशीची चटणी खरी ठरली. म्हाळसाबाईनं देवाकडं बघितलं. सुनेकडं बघितलं. कोंडू मान खाली घालून बोचकं धरून बसली होती. म्हाळसाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, इतका की चेहरा दिसेना, आणि पदराच्या आतून आवाज आला, "नाही चुकत."

गाव ऐकत होतं. आतून पुन्हा आवाज आला.

"होती चटणी. थोडीच होती."

वरची आळी आणि खालची आळी, दोन्ही एकदम हसणार होत्या. पण त्याआधी कोंडू गाडीतून म्हणाली, "थोडीच होती, आत्याबाई. वासावरून मला कळलं होतं."

कोंडूचं नाक जन्मात एकदाच चुकलं, ते त्या वेळी, असं म्हणतात.

म्हाळसाबाईचा पदर जरा मागं सरकला. तिनं स्वतः मिठाची पाटी उचलली, भिव्याच्या सुपात ओतली आणि गाडीजवळ जाऊन म्हणाली, "उतर आता खाली. वाढायला माणसं कमी आहेत." बोचकं तिनंच काखोटीला मारलं.

मीठ पडलं, देव जेवला, मग गाव जेवलं. त्या आमटीचा वास डोंगरापलीकडं गेला. शेलवडीत अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा वासावर उठून चालत आला आणि पुढं कितीतरी वर्षं चालतच होता, असं म्हणतात. काहील तळाला लागेना. पाहुण्यांनी भरून ठेवलेले पाण्याचे तांबे तसेच राहिले.

तेव्हापासून त्या घराला लोक हुंगणारीचं घर म्हणायला लागले. मग नवरा हुंग्या, पोरं हुंगे. आधीचं आडनाव काय होतं? वरची आळी एक सांगते, खालची आळी दुसरं सांगते, हुंगे म्हणतात काही नव्हतंच. पुण्याला गेलेल्या एकदोघांनी सावरदरेकर लावून बघितलं. पण गावच्या जत्रेची वर्गणी हुंगे नावानंच मागायला येतात, तेव्हा नाक मुठीत धरून द्यावी लागते.

आणि या आडनावाची माणसं इतकी थोडी का? सगळे हुंगे बोलावले तर एका पंगतीत बसतात आणि शेवटी वाढप्यांना जागा उरते. पोरगी बघायला गेले की मुलगा आडनाव सांगताना खोकतो. पण खरी गंमत पुढंच आहे. कोंडाईचं नाक मुलग्यांकडं आलंच नाही. हुंग्यांच्या मुलग्यांना जळकी भाकरी तोंडात गेल्यावर कळते. नाक गेलं लेकींकडं, आणि लेकी गेल्या सासरी. त्यामुळं आडनाव राहिलं सावरदऱ्यात आणि नाक पसरलं मुलूखभर. आडनावं मोजाल तर ओंजळभर भरतील. नाकं मोजायला निघालात तर कुठल्याही गावात शिरा, एखादी सून फोडणी बसायच्या आधीच म्हणेल, मोहरी जुनी आहे हो. तिची आजी किंवा पणजी हुंग्यांची होती, हे विचारायचीही गरज नाही.

म्हणून आजही चैत्रात भंडाऱ्याला हुंग्यांच्या लेकीला सासरहून बोलावणं जातं. बोलावणं न्यायला हुंग्यांच्या घरातली सासू स्वतः जाते. लेक येते, कधी गाडीनं, कधी एसटीनं, हल्ली मोटरसायकलवरून. पण ती ओढ्यापलीकडंच उतरते. आचारी नाकाला फडकी बांधून देवळापुढं उभे असतात. दोन्ही आळ्या शिवेकडं डोळे लावून बसतात. ती वाऱ्याकडं तोंड करते आणि मग हात वर करते, म्हणजे मीठ हवं, किंवा नुसती मान हलवते, म्हणजे पुरे, आणि तिथपासून देवळापर्यंत माणसं ओळीनं उभी असतात, ती निरोप पुढं देत जातात. मीठ टाकताना सगळ्यात म्हातारी सासू हळूच म्हणते, "थोडीच होती." परक्यांना वाटतं मंत्र आहे.

एका साली लेकीला येता आलं नाही. तिच्या घरी बाळंतपण होतं. गाव ऊन कलेपर्यंत थांबलं, मग आमटी तशीच, मीठ न टाकता वाढायला घेतली. आमटी अगदी अळणी होती. भुरके मारत सगळे जेवले, शेलवडीकरसुद्धा, आणि एकानंही मीठ मागितलं नाही. "लेक आली नाही ना," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा वाढून घेतली.

अशी ही हुंग्यांची गोष्ट. ऐकली तशी वाढली. कुणाला कमी वाटली तर मीठ आपापलं घालून घ्यावं.