रिकामा खळगा

ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. ऐकायचं कुणालाच नसतं, नुसत्या माना डोलवायच्या असतात. तर डोलवा, पण मधे बोलू नका.

एक टेकडी होती. तिच्यावर पडलेलं सगळं पाणी खालीच येई. त्याला दुसरा धंदा नव्हता. ओढ्याच्या वाटेत एक मोठा खळगा लागे. तिथल्या जनावरांचा जुना कायदा होता, की हा खळगा रिकामा ठेवायचा. बीळ नाही, घरटं नाही, गवताची काडीसुद्धा नाही. पूर आला की तो आधी खळग्यात शिरेल, दमेल, मग बेताबेतानं खाली उतरेल.

राखणीला नांग्या नावाचा म्हातारा खेकडा होता. त्याची मुलगी खालच्या काठावर बिळात राहायची, पोटाखाली पिल्लं घेऊन. खळगा रिकामा, तर लेक जिवंत. एवढं त्याला कळत होतं, आणि जास्त कळायची गरज नव्हती.

पण तीन पावसाळे हलके गेले. रिकामी जागा कुणाला बघवेना. पंचायतीची मुख्य थोरली घूस. ती एक दिवस खळग्यात उतरली.

"नांगूतात्या, राखता काय तुम्ही? भोक?"

"भोकच. भरल्या भांड्यात पाणी ओतून बघ, घूसबाई."

"पण पाणी आहे कुठं?"

"आज नाही."

"काल होतं?"

"कालही नव्हतं."

"मग घरी बसा आता. वय झालं."

सगळे फिदीफिदी हसले.

पंचायतीनं कायदा मोडला नाही. अशी कामं मोडून होत नसतात. एक कलम तेवढं जोडलं : वापरात घेतलेली जागा सोडून बाकी खळगा रिकामाच राहील. पंधरा दिवसांत घुशींची बिळं झाली, मग उंदरांची, मग सशांची. अंगणात पाणी नको म्हणून खळग्याच्या तोंडाशी मातीचा बांध घातला. नांग्या रोज तो उकरी, ते रोज लिंपीत. एकदा त्यांनी त्याची एक नांगीच मोडली.

तो लेकीकडे गेला. "वर चल माझ्याबरोबर."

"एवढी पिल्लं घेऊन दगड कशी चढू, बाबा? आणि कायदा आहे ना?"

चौथ्या पावसाळ्यात आभाळ फाटलं. बांधानं आपलं काम चोख केलं. खळग्यातलं कुणाचं शेपूटसुद्धा भिजलं नाही. सगळा ओढा, न थांबता, न दमता, सरळ खालच्या काठावर पडला. बिळाच्या जागी सपाट गाळ उरला. उरल्या एका नांगीनं नांग्या तो दोन दिवस उपसत होता.

थोरली घूस भेटायला आली. म्हणाली, "पाण्यात राहणाऱ्याला पाण्याचं कसलं भय, तात्या? गेली असेल कुठं फिरायला."

मग पंचायत बसली. कायद्याप्रमाणे कुठली तरी जागा रिकामी हवीच होती, आणि खालचा काठ आता रिकामाच होता. तोच नवा खळगा ठरला. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या. राखणीला जुना माहीतगार म्हणून नांग्यालाच बसवलं.

तो लेकीच्या बिळावरच्या गाळावर बसून राहिला. दोन पावसाळे हलके गेले. गाळ वाळून भुसभुशीत झाला. एका सकाळी त्याला खुंट्यांच्या आत पावलं वाजलेली ऐकू आली. दोन लेकींना मागे घेऊन, पावलांनी लांबीरुंदी मोजत कुणीतरी त्याच्याच दिशेनं येत होतं : जिनं अजून त्याची माफी मागितलेली नाही, ती थोरली घूस.