बैलांमागचा माणूस

फार वर्षांमागची गोष्ट. चहूकडून उसाच्या मळ्यांनी वेढलेल्या एका गावात एक गुऱ्हाळ होतं. थंडी पडली की ते सुरू व्हायचं आणि शिमग्यापर्यंत साऱ्या शिवाराला गुळाचा वास यायचा.

तेव्हा इंजिनं आली नव्हती. उभ्या लोखंडी रुळांचा चरक होता. त्याला एक लांब लाकडी दांडा जोडलेला, आणि तो दांडा ओढत बैलांची जोडी दिवसभर गोल गोल फिरायची. बैल फिरले की रूळ फिरायचे, रुळांच्या तोंडात ऊस दिला की रस खालच्या हौदात पडायचा.

चरकाच्या तोंडाशी येसबा बसायचा. ऊस घालण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, आणि बोलण्यातही नव्हता. हात चालायचे तसं तोंड चालायचं. हा ऊस ओढ्याकाठचा, म्हणून जरा खारट. हा अमक्याच्या मळ्यातला, मालकासारखाच अडेल, सरळ आत जायचा नाही. अशी त्याची बडबड चाले. त्याची बायको गोजरा चरकातून पडलेली चिपाडं उचलून वाळत घाली. ती ऐके आणि मनातल्या मनात हसे. संध्याकाळी घरी जाताना मात्र म्हणे, “आता पुरे की! कान किटले माझे.”

बैलांमागं हैबतीबाबा चालायचे. म्हातारा माणूस. हातात कासरा धरून दिवसभर बैलांमागं फिरायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांची नजर मात्र बैलांवर कमी आणि येसबाच्या हातांवर जास्त असायची.

गुऱ्हाळाचा मालक काही वाईट माणूस नव्हता. संक्रांतीला घरोघर गूळ पाठवायचा, कुणाच्या अडीअडचणीला धावायचा. पण एका वर्षी गुळाचा भाव पडला आणि तो काळजीत पडला. खर्च कुठं कमी करता येईल ते शोधत तो गुऱ्हाळात हिंडू लागला. हिंडता हिंडता त्याची नजर हैबतीबाबांवर गेली.

“बाबा,” तो म्हणाला, “बैलांना वाट पाठ झालीय. डोळे झाकूनही फिरतील. त्यांच्यामागं माणूस कशाला हवा?”

“मालक, मी बैलांना चालवायला फिरत नाही,” हैबतीबाबा म्हणाले. “थांबवायला फिरतो.”

“इतक्या वर्षांत किती वेळा थांबवलेत?”

म्हाताऱ्यानं जरा आठवून पाहिलं. “तशी वेळ एकदाही आली नाही.”

“मग झालं तर!” मालक म्हणाला.

हैबतीबाबांनी कासरा खुंटीला अडकवला, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि लेकीच्या गावी निघून गेले.

त्या संध्याकाळी गोजरा नवऱ्याला म्हणाली, “मालकांना सांगा की, बाबांना परत बोलवा म्हणून.”

येसबा हसला. “अगं, माझे हात मला ठाऊक नाहीत होय? आणि आताच तोंड उघडलं तर उद्या माझीही पाळी यायची.”

गोजरानं विषय तिथंच सोडला. घरात बकुळा होती, त्यांची लहान लेक. तिच्या तोंडात दोन घास पडायचे ते गुऱ्हाळामुळंच.

मग एका दुपारी उसाचं एक मोडकं कांडं रुळांच्या तोंडात अडकलं. येसबानं ते बोटांनी आत ढकललं. कांडं आत गेलं, आणि बोटंही गेली.

तो ओरडला. त्या ओरडण्यानं बैल बुजले आणि जोरानं चालू लागले. खुंटीवरचा कासरा खुंटीवरच होता. गोजरानं चिपाडांचा भारा टाकला आणि धावत जाऊन ती बैलाच्या गळ्यातच पडली. गूळ शिजवणारा गुळव्या उकळती काहील सोडून पळत आला. दोघांनी मिळून बैल थांबवले. तोवर येसबाचा उजवा हात कोपरापर्यंत गेला होता.

काहिलीतल्या रसाकडं बघायला कुणी उरलं नव्हतं. त्या दिवशी शिवारभर करपल्याचा वास सुटला.

मालकानं हात आखडला नाही, हे सांगायलाच हवं. त्यानं वैद्य आणला, औषधपाण्याचं सगळं पाहिलं, येसबाच्या घरी ज्वारीचं पोतं पाठवलं. पण झालेलं नुकसान काही तिथं थांबलं नाही. पळापळीत एका बैलाचा खांदा उतरला, तो पुन्हा जुवाखाली गेलाच नाही. गुळव्या म्हणाला, “मालक, काहिलीकडं बघितलं की मला तोच आवाज ऐकू येतो,” आणि दुसऱ्या गावी निघून गेला. चरकाच्या तोंडाशी बसायला कुणी धजेना. तोडलेला ऊस बांधावर पडून वाळू लागला, तशा शेतकऱ्यांनी गाड्या जुंपल्या आणि तो शेजारच्या गावच्या गुऱ्हाळाला नेला. एका म्हाताऱ्याची मजुरी वाचवायला गेलेल्या मालकाचा अख्खा हंगाम बुडाला.

पण मालकाला पुढचा हंगाम येणार होता. येसबाला दुसरा हात येणार नव्हता.

जखम भरली. येसबा उठून बसू लागला, हिंडू लागला. पण तो बोलेना. खांद्यावरून घोंगडी घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायचा. काही विचारलं की “हूं” म्हणायचा. कधी कधी नसलेल्या हाताची बोटं खाजायची, तेव्हा डावा हात तिकडं जायचा आणि अधांतरीच थांबायचा. गोजरा ते बघायची आणि पटकन चुलीत काहीतरी सारायला वळायची.

बकुळा बापाचं बोट धरायला सवयीनं उजवीकडं धावायची, तिथं थबकायची, मग वळसा घालून डावीकडं जायची. तिचं ते थबकणं गोजराच्या काळजाला घरं पाडायचं.

आता गोजरा लोकांच्या बांधावरचं गवत कापायला जाई. भारा डोक्यावर घेऊन परतताना वाटेत बंद पडलेलं गुऱ्हाळ लागे. तिथं तिचे पाय आपोआप थांबत. ती कान देऊन उभी राही. ओढ्याकाठचा ऊस, अडेल ऊस, गोड ऊस, ती सगळी बडबड तिला आठवे. हीच बडबड आपण “पुरे” म्हणून थांबवत होतो! तिच्या मनात येई, देवा, हात नाही मागत मी. एकदा बोलू दे त्यांना. वाट्टेल ते बोलू देत, मला शिव्या दिल्या तरी चालतील, पण बोलू देत.

घरी आल्यावर ती म्हणे, “आज ऊन फार होतं, नाही?”

“हूं,” येसबा म्हणे.

वर्ष असंच सरलं. पुन्हा थंडी पडली. मालकानं नवी बैलजोडी घेतली, नवा गुळव्या आणला. पण चरकाच्या तोंडाशी बसायला माणूस मिळेना. शेवटी एका सकाळी तो गोजराच्या दारात आला.

“गोजरा, तू बस,” तो म्हणाला. “येसबाचं काम तू रोज बघितलंयस. मजुरी दुप्पट देतो.”

गोजरानं घरात पाहिलं. ज्वारीचं मडकं तळाला गेलं होतं. येसबा भिंतीकडं तोंड करून बसला होता, पण त्याची मान किंचित वळली होती. तो ऐकत होता.

“बैलांमागं कोण चालणार?” गोजरानं विचारलं.

मालक चुळबुळला. “अगं, मुळात तुलाच दुप्पट द्यायचं म्हटल्यावर आणखी एक माणूस कुठून परवडणार? शांत बैल बघून घेतलेत. तू फक्त जपून बस.”

“तेही जपूनच बसले होते, मालक.”

“म्हणजे येणार नाहीस?”

गोजराला नाही म्हणायचं नव्हतं. गुऱ्हाळाच्या वासाची, त्या गजबजाटाची, चार घास पोटभर खाण्याची तिला ओढ लागली होती. पण तिला बकुळाचं थबकणं आठवलं. “बैलांमागं माणूस ठेवा, मी दुप्पट मागत नाही, आहे त्या मजुरीत बसते. माणूस नसेल, तर सोनं दिलंत तरी बसायची नाही.”

मालक चिडून निघून गेला. शेजारणी तिला बोलल्या. “घरात दाणा नाही आणि हिचा रुबाब बघा!” गोजरानं ऐकून घेतलं. ती गवताचे भारे वाहत राहिली. काही दिवस तिघांनी पेजेवर काढले. येसबा आपल्या थाळीतली अर्धी पेज लेकीपुढं सरकवायचा, तेही न बोलता.

तिकडं मळ्यामळ्यांत ऊस तुरे धरून उभा होता. यंदाही शेतकरी गाड्या वळवतील या धास्तीनं शेवटी मालक स्वतःच चरकाच्या तोंडाशी बसला. त्याला वाटलं, यात काय आहे? ऊस धरायचा आणि सोडायचा.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी उसाच्या पाचटात त्याच्या सदऱ्याची बाही गुंतली आणि ऊस आत जाताना बाहीही घेऊन गेला. “हो! हो! थांबा!” मालक ओरडला. शांत बैल शांतपणे चालत राहिले. त्यांची पाठ त्याच्याकडं होती. गुळव्या काहिलीपाशी, धुरात. बाही ओढत होती, मनगट जवळ जात होतं, आणि मालकाच्या डोळ्यांसमोर खुंटीवरचा कासरा लोंबत होता. हाक पोचेल असं बैलांमागं कुणीच नव्हतं.

सदरा जुना होता म्हणून टर्रकन फाटला. मालक मागं कोलमडला आणि तिथंच जमिनीवर बसून राहिला. हात जागेवर होता, तरी तो पुन्हा पुन्हा चाचपून बघत होता.

त्याच दिवशी तो हैबतीबाबांना आणायला त्यांच्या लेकीच्या गावी गेला. लेक दारातच भेटली. म्हणाली, “बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. इथं येसबाची बातमी कळली तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागेना. शेवटपर्यंत विचारत होते, बैलांमागं कुणी ठेवलंय का?”

मालक तसाच माघारी आला आणि थेट येसबाच्या घरी गेला. गोजरानं घोंगडं अंथरलं, पण तो मातीतच बसला.

“येसबा,” तो खाली मान घालून म्हणाला, “मी तुझा अपराधी आहे. ज्वारीच्या पोत्यानं हे फिटायचं नाही, ते मला आता कळलं. तूच सांग, तुला मी काय देऊ? मागशील ते देतो.”

मग येसबा भिंतीकडून वळला. घोंगडी खांद्यावरून सरकली, ती त्यानं पुन्हा ओढून घेतली नाही.

“माझा हात द्या,” तो म्हणाला.

मालकाच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं.

“नाही ना देता येत?” येसबा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता, न वापरलेल्या दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरत होता. “मग दुसऱ्या कुणाचा जाऊ देऊ नका. कासरा धरायला एक हात पुरतो. मला बैलांमागं चालू द्या.”

गोजरा चुलीपाशी उभी होती. वर्षभर ज्या आवाजासाठी ती झुरली, तो आवाज असा आला. तिनं पदर तोंडात धरला आणि भिंतीला टेकली.

दुसऱ्या दिवसापासून गुऱ्हाळ नीट सुरू झालं. कबूल केल्याप्रमाणं गोजरा चरकाच्या तोंडाशी बसली आणि येसबा डाव्या हातात कासरा घेऊन बैलांमागं चालू लागला. मालकानं रुळांच्या तोंडापुढं एक जाड फळी ठोकून घेतली, म्हणजे बोटं तिच्यापुढं जायला नकोत. गाड्या परत आपल्याच गावात थांबू लागल्या.

गोजराला वाटलं होतं, आता ते पूर्वीसारखे बोलतील. ओढ्याकाठच्या उसाच्या गोष्टी सांगतील. पण येसबा तसं काही बोलत नसे. “हात मागं घे.” “सावकाश.” “मोडका तुकडा सोडून दे.” दिवसभर एवढंच. गोजरा मधूनच मान वर करून त्याच्याकडं बघायची. वाटायचं, एकदा तरी त्यांनी आपल्या तोंडाकडं बघावं. पण त्याची नजर तिच्या हातांवरून हलत नसे. का हलत नाही, ते तिला कळत होतं. म्हणून ती पुन्हा मान खाली घालून ऊस उचलायची.

शिमगा आला. शेवटची काहील उतरली. हंगामभर कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. माणसं ढेपा मोजत होती, पोरं काहिलीच्या कडेचा गूळ खरवडून खात होती. येसबानं बैल सोडले, त्यांना पाण्यावर नेऊन आणलं, आणि मग तो रिकाम्या चरकापाशी आला. गोजरा तिथंच बसली होती, तळहात मांडीवर उघडे टाकून.

आता बघण्यासारखं रुळांत काही नव्हतं. येसबानं तिच्या हातांवरून नजर उचलली आणि तिच्या तोंडाकडं पाहिलं.

“दमलीस?” त्यानं विचारलं.

गोजरानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नाही.

तात्पर्य: जो माणूस काही वाईट घडू देत नाही, त्याचं काम दिसत नाही, म्हणून त्याची मजुरी जड वाटते. पण ती वाचवण्यापायी जे जातं, ते साऱ्या गावाची मजुरी ओतली तरी परत येत नाही.